मिसेस हूक्स्ट्रांचा शेवटचा प्रश्न

आयोवातल्या एका छोट्या गावी व्हेर्डा हूक्स्ट्रा चर्चच्या तळघरात भरणाऱ्या शाळेत लॅटिन शिकवायला लागली तेव्हा गावाने पोट धरून हसून घेतलं होतं. मका लावणाऱ्यांच्या आणि डुकरं पाळणाऱ्यांच्या पोरांना लॅटिन कशाला, असं जो तो विचारी. तिचा नवरा गेरिट स्वतः डुकरंवाला. तो कॉफी पिताना लोकांना गंभीर चेहऱ्याने सांगायचा की त्याने डुकरांशी लॅटिन बोलून पाहिलं, पण ती आयोवाचीच भाषा समजतात. पुढे याच तळघरातली पोरं चांगल्या चांगल्या कॉलेजांत जायला लागली आणि हसणाऱ्यांनी आपापली नातवंडं मुकाट्याने आणून सोडली. व्हेर्डाने कुणाला टोमणा मारला नाही. टोमणा मारायला वेळ लागतो आणि तिच्यासमोर नेहमी तपासायच्या वह्यांचा ढीग असायचा.

ती कडक होती, हे खरंच आहे. पण मुलांवर तिचा जीव होता आणि तो लपवणं तिला कधी जमलं नाही. रविवारी चर्चमधून निघताना ती माजी विद्यार्थ्यांना गाठून काय वाचतोस, काय वाचतेस, असं विचारायची. दोन पोरांचे बाप झालेले धिप्पाड शेतकरीसुद्धा तिला पाहून मागच्या दाराने सटकायचे. देवावर श्रद्धा ठेवायची तर डोकं बाजूला काढून ठेवायचं नाही, हे तिचं म्हणणं. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाने एक प्रबंध लिहायचा आणि वसंतात एका संध्याकाळी सगळ्या गावासमोर उभं राहून, प्रश्नांना उत्तरं देत तो लढवायचा, ही शाळेची रीत तिला फार प्रिय होती. विरुद्ध बाजू आधी अशी मांडायची की विरोधकानेही मान डोलवावी. आणि शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न विचारायचा तो ज्याने वर्षभर प्रबंध घडवला त्या शिक्षकानेच. आपल्या विद्यार्थ्याला सोपा प्रश्न टाकणं म्हणजे आमच्याकडे लबाडी समजतात.

त्या वर्षी व्हेर्डाच्या हाताखाली प्रबंध लिहिणाऱ्या आनिका व्हँडर प्लूखने विषय निवडला: आपल्या शाळेत लॅटिन सक्तीचं नसावं.

व्हेर्डाने विषयाचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाली, छान, कामाला लागू. नेमकं त्याच वर्षी शाळेचं मंडळ हाच विचार करत होतं. लॅटिनच्या धास्तीने काही घरं मुलं पाठवत नव्हती, आणि वसंतातल्या बैठकीत सक्ती ठेवायची की काढायची, याचा निकाल लागणार होता. सक्ती गेली की वर्ग ओस पडणार, हे व्हेर्डाला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आयुष्यभराच्या कामाचं काय होणार, ते त्यावर ठरणार होतं.

तरी तिने आनिकाच्या प्रबंधात कसूर केली नाही. कच्चे मुद्दे फेकायला लावले, चांगले घासूनपुसून घेतले. गावच्या मांस कारखान्यातल्या मेक्सिकन कामगारांशी बोलायला लॅटिनपेक्षा स्पॅनिश जास्त उपयोगी, हा मुद्दा तर तिनेच पक्का करून दिला. गेरिट रात्रीचं जेवताना म्हणाला, "अगं, तू बसलीयस त्याच खुर्चीचे पाय कापतेयस. निदान करवत तरी बोथट वापर."

"बोथट करवतीने हात कापतात," ती म्हणाली आणि बटाटे वाढायला लागली.

हिवाळा संपता संपता तिला जाणवलं की प्रबंधात सगळं आहे, फक्त जीव नाही. आनिकाची धाकटी बहीण टेस दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गावच्या सरकारी शाळेत गेली होती. लॅटिन झेपलं नाही, एवढंच घरच्यांनी सांगितलं होतं आणि व्हेर्डाने तेवढंच मानलं होतं. तिने आनिकाला सरळ विचारलं, की तुझा खरा मुद्दा तुझ्या घरातच आहे, तुझी बहीण; तो यात का नाही?

आनिका खाली मान घालून म्हणाली, "तो तुमच्यासमोर कसा लिहू, मिसेस हूक्स्ट्रा?"

"माझ्यासमोरच लिहायचा असतो."

तिने लिहिला. व्हेर्डाच्या वर्गात रोज सकाळी सगळ्यांनी उभं राहून लॅटिन शब्दांची रूपं म्हणायची, आणि चुकेल त्याने खाली बसायचं, अशी पद्धत होती. मुलांना तो खेळ वाटे. व्हेर्डालाही खेळच वाटे. टेस रोज पहिली बसायची. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे नाचायची, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर तिने लॅटिन ऐकलं ते मैत्रिणींच्या पाठी बघत.

व्हेर्डाने ते पान वाचलं. ती मुलगी रोज डोळ्यांसमोर बसली होती आणि हिला दिसली नव्हती. त्यातच तिच्या तयार डोक्याने आणखी एक गोष्ट पाहिली, पाहायची नव्हती तरी. प्रबंधाचा कच्चा दुवा इथेच होता. टेस लॅटिनमुळे गेली की शिकवणारीमुळे? लॅटिनमुळे म्हणावं तर सक्ती जायला हवी. शिकवणारीमुळे म्हणावं तर लॅटिनचा दोष काय? हा सर्वांत अवघड प्रश्न होता. लॅटिनला वाचवणाराही हाच होता, आणि तिची अब्रू चव्हाट्यावर आणणाराही हाच.

गेरिट म्हणाला, नाही विचारलास तर कुणाला कळणार आहे?

"मला कळेल की," ती म्हणाली.

प्रबंधाच्या संध्याकाळी तळघर भरून गेलं. मागच्या टेबलावर हॅमचे बन आणि कॉफी. पास्टर, जवळच्या कॉलेजचे एक प्राध्यापक आणि शाळेचे मुख्याध्यापक परीक्षक म्हणून बसले होते. मंडळातली मंडळी पुढच्या रांगेत. आनिका अशी काही बोलली की लॅटिनची कट्टर माणसंही माना डोलवत होती. परीक्षकांचे प्रश्न तिने लीलया परतवले. सगळ्यांना वाटलं, लॅटिन आता गेलं.

मग व्हेर्डा उठली. "मिस व्हँडर प्लूख, तुमची बहीण ही शाळा सोडून गेली ती लॅटिनमुळे की शिकवणाऱ्यामुळे?"

लॅटिन म्हटलं असतं तर आनिका जिंकली असती, आणि ज्या बाईने वर्षभर तिच्यासाठी जीव टाकला, तिलाही भर सभेत खाली बघायला लागलं नसतं. दोन्हीकडून सोपं उत्तर तेच होतं. पोरीचे डोळे भरले. तिने आईकडे पाहिलं, मग व्हेर्डाकडे.

"शिकवणाऱ्यामुळे," ती म्हणाली. "म्हणजे माझा हा मुद्दा टिकत नाही. मी तो मागे घेते."

"बरोबर आहे," व्हेर्डा म्हणाली. "दोष माझा होता." आणि ती बसली.

आनिकाला परीक्षकांनी शाळेतले सर्वांत वरचे गुण दिले. दोष लॅटिनचा नाही हे ऐकलेल्या मंडळाने पुढच्या आठवड्यात सक्ती कायम ठेवली. लोक अभिनंदन करायला आले तेव्हा व्हेर्डा नुसती हं हं करत राहिली. सकाळची ती उठाबस तिने प्रबंधाच्या दुसऱ्याच दिवशी बंद केली होती. तेवढ्याने भागणार नव्हतं.

शनिवारी ती व्हँडर प्लूखांच्या दारात जाऊन उभी राहिली. दार टेसनेच उघडलं. दोन वर्षांत ती वीतभर उंच झाली होती. व्हेर्डाने प्रस्तावना केली नाही.

"तुला परत शाळेत ये म्हणायला नाही आले. तुला रोज खाली बसवलं आणि एकदाही विचारलं नाही. ते चुकलं माझं. माफी मागायला आलेय."

टेस दाराच्या चौकटीला टेकली.

"आनिका म्हणाली होती तुम्ही याल," ती म्हणाली. "मी म्हटलं होतं, त्या नाही यायच्या."

असं म्हणून ती दारातून बाजूला सरकली.