पहिल्या फेरीचा मान

आमच्या गावच्या जत्रेत नेजाबाजी व्हायची. घोडं भरधाव सोडायचं आणि जमिनीत रोवलेली लाकडी खुंटी हातातल्या लांब भाल्यानं टोचून वर उचलायची. त्या भाल्याला नेजा म्हणत. निजामाच्या काळात माझे सासरे एका जहागीरदाराच्या पागेत होते, तिथं ते हे शिकले. तेव्हापासून पहिल्या फेरीचा मान आमच्या घरात होता. मान म्हटलं की आमच्या घरच्या पुरुषांना पोटात अन्न नसलं तरी चालायचं.

मला त्या मानाचा मनापासून राग यायचा. खुंटी चुकली तर लोक हसतात, तेवढं परवडलं. पण नेज्याचं टोक जमिनीत घुसून अडकलं तर स्वार घोड्यावरून फेकला जातो. एका जत्रेत एक चांगला धडधाकट गडी खांदा मोडून घेऊन गेला होता. सासरे तर सत्तरीला टेकलेले.

त्यात दुष्काळ पडला. छावणीत गाई, म्हशी, बैल यांना चारा मिळायचा. घोडीला मात्र तिथं जागा नव्हती. नवरा दूध सोसायटीत कामाला होता. घोडी विकून टाकू, असं तो म्हणाला आणि सासऱ्यांनी जेवणावर बहिष्कार टाकला. शेवटी मी तोडगा काढला. घोडी पाणी आणेल, म्हणजे तिचा चारा कुणाच्या डोळ्यावर येणार नाही.

टँकर यायचा तो नेजाबाजीच्या मैदानाच्या कडेला, लिंबाखाली. मी आधी जाऊन नंबर लावायची. सासरे मागून घोडी सोडायचे आणि ती बाई एकटीच मैदान ओलांडून माझ्याजवळ यायची. पदरात मूठभर भरडा बांधलेला असायचा, तो खाल्ल्याशिवाय पाठीवर डबे लादू द्यायची नाही. सबंध उन्हाळा आमचा असा गेला.

पुढच्या साली बरा पाऊस झाला आणि जत्रा भरायची ठरली. सासरे नेजा तेल लावून पुसत बसले. नवऱ्यानं सांगून बघितलं, सासूबाईंनी रडून बघितलं. मग सगळ्यांनी मला पुढं केलं, कारण माझं ते ऐकतात अशी घरात समजूत होती. मी चहा ठेवला आणि म्हटलं, मामा, औंदा दुसऱ्या कुणाला फेरी करू द्या.

"मान हाय पोरी," ते म्हणाले. "आपल्या हातानं सोडता येत न्हाय."

घोडी वाळलीय म्हणून त्यांनी सराव एकदाही केला नाही. खुंटीला चुना लावा, असा हट्ट मात्र पंचांकडं धरला. असली पद्धत कधीच नव्हती. म्हातारपणी माणसाला नवे शौक सुचतात, असं मला वाटलं.

जत्रेच्या दिवशी बायकांची जागा लिंबाखालीच होती. मामांना धडधाकट घरी आण, तुळजापूरला पायी येते, असं मी मनात देवीला बोलले. हलगी वाजली. घोडी सुटली. सासरे पाठीवर ताठ, नेजा हळूहळू खाली येत होता. डोळे मिटावेत तर मिटत नव्हते माझे.

अर्ध्या मैदानात घोडीचे कान वळले. तिनं खुंटीची वाट सोडली, वेग कमी केला आणि सरळ लिंबाकडं आली. भाला वर धरलेल्या स्वारासकट माझ्यापुढं उभी राहिली आणि पदरात तोंड खुपसून भरडा शोधू लागली.

सगळं मैदान हसत सुटलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की रडूच आलं. आता मामा घोडीला चाबकानं फोडतात, नाहीतर मला, असं धरून मी उभी होते. ते वाकले. घोडीची मान थोपटल्यासारखं करत माझ्या कानाशी आले.

"लई बरं झालं, पोरी. चुना लावूनसुदीक खुंटी दिसत न्हवती मला."

मग ताठ होऊन मोठ्यानं पंचांना म्हणाले, "घोडीनंच मान सोडला. आता म्या काय करू?" नेजा त्यांनी जवळच्या एका तरण्या स्वाराच्या हातात दिला. लोकांनी हसतहसतच टाळ्या वाजवल्या आणि पुढची फेरी सुरू झाली.

खाली उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावच्या बायका म्हणाल्या, सासऱ्याला सुनेचं किती कौतुक. घर येईपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही, आणि वाटेत दगड आला, उतार आला की मी तोंडातल्या तोंडात सांगत गेले.