सडकेपलीकडचा उंदीर

प्लेगच्या साली देवासात पहिली आरोळी ठोकणारा माणूस मीच. लोक अजून ते कौतुकानं सांगतात. विषय निघाला की मी पान आणायला उठतो.

झालं असं की, एका सकाळी आमच्या फडताळाखाली उंदीर मरून पडलेला सापडला. आमच्या बाजूला दवंडी पिटलेली होती : ज्या घरात उंदीर पडेल, ते त्याच दिवशी रिकामं करून माळावरच्या झोपडीत जायचं. आणि आमच्या हिला नववा महिना! माघाच्या थंडीत तिला माळावर बाळंत करायचं? माझं डोकंच चालेना. मग एकदम चाललं (तिथंच घात झाला).

आमचं देवास म्हणजे गाव एक, राज्यं दोन. सडकेच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. पलीकडे दवंडी अजून फिरायची होती. म्हणजे सडक ओलांडली की तो कायद्यानं नुसता मेलेला उंदीर! मी त्याला चिमट्यात धरलं आणि दिला भिरकावून. पडला तो नेमका सखारामपंत मास्तरांच्या ओट्यावर.

हात धुऊन बाहेर येतो तो पाच माणसं जमलेली. पाचांची पन्नास झाली, पन्नासांची दोनशे. मागच्यांना पुढं काय आहे ते दिसत नव्हतं, म्हणून ते जास्त घाबरले होते.

"अरे भिया, ओटल्याच्या बीचोबीच येऊन कोणता चूहा मरतो?" एक हलवाई म्हणाला. "ये तो किसीने फेंका है!"

"आला कुठून मग?"

दोन-तीन माना आमच्या दाराकडे वळल्या. मी घाईनं पुढं घुसून सगळ्यांत मोठ्यानं ओरडलो. "कुठून आला ते मागाहून बघा! आधी घर खाली करा!"

लोकांना तेवढंच हवं होतं. एका क्षणात सगळे ओरडू लागले, "घर खाली करा!" मास्तरांचे ऐंशी वर्षांचे वडील, तात्या, दम्यानं बेजार. एरवी यातला प्रत्येक जण त्यांच्या पाया पडत असे. आता त्यांनाच बाजेसकट उचललं.

"अरे, कुठं नेताय मला?" तात्यांनी विचारलं.

"पुढच्यांना ठाऊक!" मागचे म्हणाले.

"मागून रेटा आहे!" पुढचे म्हणाले.

एक घर रिकामं झालं तरी गर्दीचा हात थांबेना. दुसरं केलं, तिसरं केलं. मग कुणीतरी म्हणालं, "अन् ये सामनेवाला क्यों छोड़ा?" ते सामनेवालं घर माझं! मी दार अडवून उभा राहिलो. "आमच्याकडे उंदीर पडलेला नाही हो!" हे मी देवाच्या शपथेवर सांगितलं. (शपथ वाया गेली.)

"अहो, बाहेर कोण ओरडत होतं मघापासून?" आतून हिनं विचारलं.

"लोक."

"लोकांत तुमचा आवाज मोठा होता."

संध्याकाळच्या आत तीही माळावर होती. तिसऱ्या दिवशी तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. सुईण गाव सोडून पळालेली, म्हणून मास्तरांच्या बायकोनं सगळं निस्तरलं. ती हात धुते न धुते तोच शेजारच्या झोपडीत तात्या गेले. प्लेग नव्हता त्यांना. थंडीनं गेले.

त्यांना गावातून बाहेर काढायला दोनशे माणसं होती. तिरडीला चौथा खांदा मिळेना. ज्याला विचारावं तो म्हणे, "मी तर मागं होतो हो." चौथा खांदा मीच दिला.

परतताना मास्तर माझ्याबरोबर चालत होते. "नाना," ते म्हणाले, "पुढं गल्लीत दोन माणसं दगावली. तुम्ही ओरडला नसतात, तर आमचं अख्खं घर गेलं असतं. तात्यांचं काय, वय झालं होतं."

आता सांगायचंच, असं ठरवून मी थांबलो. माळावर आम्ही दोघंच. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा!

मास्तरांनी काळजीनं माझ्याकडे पाहिलं. "आमच्यापायी ओरडून घसा पार बसवून घेतलात," असं म्हणून त्यांनी खिशातून खडीसाखर काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

मी ती खाल्ली.