आत्या टीव्हीवर काय बोलली

जळगावला कॉलेजात होते तेव्हा मी मामाकडे राहायची. मामाकडे कृष्णधवल टीव्ही होता आणि त्या काळी एकच सरकारी वाहिनी लागायची. सिनेमाच्या दिवशी बाहेरच्या खोलीत शेजारपाजारची माणसं मावत नसत. माहितीपट लागला की मात्र सगळे उठून जायचे. मी एकटी बसून राहायची. बर्फावर रांगेत चालणारे पक्षी, समुद्राच्या तळाशी हलणारी झाडं, ज्वालामुखी, दुष्काळ, धरणं, अणुभट्टी, जे दाखवतील ते मी बघायची. चित्रापेक्षा मला त्यातला आवाज जास्त आवडायचा. हिंदीतून बोलणारा तो भारदस्त पुरुष कधी अडखळायचा नाही आणि त्याला माहीत नाही असं जगात काही नसायचं. माझं हिंदी त्यानेच सुधारलं. तो सांगतो ते खरं, यात मला तरी शंका नव्हती.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं असतील. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी उन्हाळ्यात घरी आले होते. आमचं गाव रावेरपासून थोडं आत, सातपुड्याच्या पायथ्याकडे. गावाभोवती सगळी केळी. आमची केळीची बाग होती आणि ती नाना, म्हणजे माझे वडील, सांभाळायचे. घरात आत्या होती, नानांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत विधवा होऊन ती माहेरी परत आली, ती कायमची. पहाटे बागेत जायची, दिवस मावळता परत यायची. मजुरांकडून काम करून घेण्यापेक्षा त्यांच्या बरोबरीने घड वाहणं तिला आवडायचं.

त्या मजुरांत बौद्धवाड्यातली एक बाई होती. आत्याच्याच वयाची. वीसेक वर्षं दोघी एका बांधावर बसून भाकरी खात होत्या. घरी आत्या कमी बोलायची. जे काही बोलायची ते तिच्याशी.

त्या उन्हाळ्यात दिल्लीहून टीव्हीवाले आले. एक जीप, तीन माणसं. केळीच्या पट्ट्यातलं जमिनीखालचं पाणी कसं खोल चाललंय, यावर त्यांना माहितीपट करायचा होता. त्यातले साहेब चष्मेवाले, हळू बोलणारे, हातात सतत वही. दुसरा कॅमेरा धरायचा आणि तिसरा कानाला यंत्र लावून आवाज घ्यायचा. त्यांना गावची बोली समजेना आणि गावाला त्यांचं हिंदी नीट उमगेना. कोणीतरी नानांचं नाव सुचवलं आणि नाना मोठ्या अभिमानाने म्हणाले की माझी मुलगी आहे, तिला दोन्ही येतं.

तीन दिवस मी त्यांच्याबरोबर हिंडले. त्यांनी कॅमेऱ्यात ट्रकमध्ये भरले जाणारे घड घेतले, पाण्याची जाड धार ओकणारे पंप घेतले, सातपुड्याची रांग घेतली. एक शास्त्रज्ञ खास बोलावले होते. नदीच्या वाळूत बसून त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं की डोंगरातून झिरपणारं पाणी इथे जमिनीत साठतं आणि आपण ते साठण्याहून जास्त वेगाने उपसतो आहोत. ज्या आवाजावर मी वाढले तो कसा तयार होतो हे मी जवळून बघत होते. त्या तीन दिवसांत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

तिसऱ्या दिवशी आम्ही बौद्धवाड्यातल्या विहिरीवर गेलो. विहीर दोन उन्हाळे कोरडी होती. तळाशी दगड आणि एक फुटकी बादली दिसत होती. वाड्यातल्या बायका नदीच्या पात्रात झिरे खोदून, वाटीवाटीने पाणी भरून आणत होत्या. साहेबांना त्यांच्यातली एखादी बाई बोलायला हवी होती. मी आत्याच्या मैत्रिणीला विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. म्हणाली, मी बोलले तर उद्या मला बागेत कामाला कोण लावील? मग ती आत्याकडे वळली. आत्या आमच्यामागोमाग बघायला आली होती.

"अक्का, तुम्हीच बोला," ती म्हणाली. "तुम्हाले कोनी काही म्हननार नाही."

आत्याने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विहिरीच्या काठावर उभी राहिली. कॅमेऱ्याकडे तिने बघितलंच नाही. तिने सुरुवात केली आणि ती थांबेचना. इतकं बोलताना तिला मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पाऊस कमी झाला म्हणून ही विहीर आटली नाही, असं ती म्हणाली. वरच्या अंगाला बागायतदारांनी बोअर पाडले म्हणून आटली. पहिला बोअर आपल्या भावाचा. तो लागला तेव्हा आपणच त्याला नारळ फोडला. मग वाड्यातल्या बाया आमच्या पंपावर पाणी मागायला आल्या तर त्यांना सांगितलं, केळीला पाणी द्यायची पाळी आहे, नंतर या. ते सांगणारीही आपणच. असं म्हणून तिने हात लांब करून आमचं पंपघर दाखवलं. ते तिथून स्वच्छ दिसत होतं.

नाना माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. त्यांच्याबरोबर गावातली आणखी दोनतीन मोठी माणसं होती. नाना जमिनीकडे बघत होते.

साहेबांनी वही उघडली आणि मला विचारलं, माताजी काय म्हणाल्या?

मी सांगितलं की विहिरीला पाणी नाही, बायका नदीवरून पाणी आणतात, फार हाल होतात. आजूबाजूला बोअर वाढलेत, त्यामुळेही असेल असं तिला वाटतं.

त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, एवढंच? त्या तर बराच वेळ बोलत होत्या.

"म्हातारी माणसं तेच तेच बोलतात," मी हिंदीत म्हणाले आणि हसले.

मी हे ठरवून केलं नव्हतं. वाक्य तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच मलाही कळलं. साहेबांनी वही मिटली. आत्या काठावरून उतरली आणि घाम पुसत तिच्या मैत्रिणीजवळ जाऊन उभी राहिली. मैत्रिणीने तिचा दंड धरला. ते बघूनही मी साहेबांकडे परत गेले नाही. संध्याकाळी जीप गेली. मी रस्त्यावर उभी राहून हात हलवला.

दिवाळीनंतर साहेबांचं कार्ड आलं. अमुक रविवारी सकाळी कार्यक्रम दाखवणार होते. मी त्यासाठी जळगावहून घरी आले. पंचायतीच्या ओसरीवर लाकडी पेटीतला टीव्ही होता, त्याच्यापुढे गाव गोळा झालं. आत्याला लोकांनी पुढे बसवलं. वाड्यातल्या बाया मागे, अंगणात उभ्या होत्या. आत्याची मैत्रीणही त्यांच्यात होती. ती त्या दिवशी कामाला गेली नव्हती.

बासरी वाजली, केळीची पानं हलली, आमचे डोंगर दिसले. मग तो आवाज आला. मामाच्या घरी ऐकलेला तोच, किंवा तसाच कोणीतरी. शास्त्रज्ञ दोन वाक्यं बोलून गेले. आणि आत्या दिसली, विहिरीच्या काठावर.

"आमची इहीर..." एवढे दोन शब्द आत्याच्या आवाजात ऐकू आले. त्याच्यापुढे तिचं बोलणं बारीक होत गेलं आणि वर पुरुषाचा आवाज चढला. तो हिंदीत सांगत होता की पाऊस आमच्यावर रुसला आहे, आमच्या लेकीसुना पाण्यासाठी वणवण फिरतात, सरकारने आता आमच्याकडे बघावं, आम्ही हात जोडतो. आत्याचे ओठ हलत होते. तिने हात लांब केला, पंपघराकडे. तेवढ्यात चित्र बदललं आणि कोरडं आभाळ दिसलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. नाना म्हणाले की दिल्लीच्या लोकांना कसं मांडायचं ते बरोबर कळतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेलेला मला दिसला. मी मागे वळून बघितलं तर वाड्यातल्या बाया निघाल्या होत्या. आत्याची मैत्रीण शेवटी होती आणि तिने मागे बघितलं नाही.

घरी आल्यावर आत्याने मला स्वयंपाकघरात विचारलं, "तो मानूस काय म्हने?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली.

"पन मी असं नव्हती बोलली."

"दिल्लीवाल्यांनी बदललं," मी म्हणाले. हे अगदीच खोटं नव्हतं. पाऊस रुसला, हात जोडतो, हे मी सांगितलंच नव्हतं. पण माझ्या तोंडून जे गेलं नाही, त्या रिकाम्या जागेत त्यांनी ते भरलं होतं.

आत्या दुसऱ्या दिवशी वाड्यात जाऊन आली. आपण काय बोललो होतो ते तिने मैत्रिणीला पुन्हा सांगितलं. मैत्रीण म्हणाली, तुम्ही बोललात ते मी कानांनी ऐकलं, अक्का, मला का सांगता. पण आमच्या पोरींनी टीव्हीत वेगळंच ऐकलं. त्यांना आता कसं सांगायचं?

घरी येऊन आत्या मला म्हणाली, साहेबांना पत्र लिही. तिने सांगितलं आणि मी हिंदीत लिहिलं. या वेळी मी एकही शब्द गाळला नाही. नानांचा बोअर, नारळ, केळीची पाळी, सगळं लिहिलं आणि रावेरला जाऊन स्वतःच्या हाताने टपालपेटीत टाकलं.

उत्तर यायला दोन महिने लागले. साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं. त्यांना आमची बोली येत नव्हती, निवेदन दिल्लीत बसून दुसऱ्याच कोणीतरी लिहिलं आणि त्या माणसासमोर साहेबांच्या वहीतली टिपणं एवढंच होतं. कार्यक्रम आता दाखवून झाला होता. त्यात काही बदलता येणार नव्हतं. शेवटून दुसरं वाक्य असं होतं की हे सगळं तुम्ही मला त्याच वेळी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

आत्या समोर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. मी पत्र वाचून दाखवलं आणि ते वाक्य वगळलं. आत्या म्हणाली, जाऊ दे मग. तिने पत्र मागून घेतलं, घडी घातली आणि कपड्यांच्या पेटीत ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर आला. कार्यक्रमामुळे आला असं गाव म्हणायचं. खरं काय ते मला माहीत नाही. तो आमच्या बाजूच्या रस्त्यावर उभा राहायचा, कारण वाड्याकडे जाणारी वाट अरुंद होती. तिकडच्या बाया येऊन पोचेपर्यंत आमचे हांडे भरून टँकर अर्धा झालेला असायचा. त्याच्या पुढच्या वर्षी तो आला नाही. नानांनी बोअर आणखी खोल केला. आत्याने एकदा जेवताना त्यांना विचारलं की एक नळ वाड्याच्या बाजूला काढून देता येईल का. नाना म्हणाले, बघू. नंतर पुन्हा त्यांनी तो विषय येऊ दिला नाही. ते वाईट माणूस नव्हते. आजूबाजूचे सगळे खोल जात होते आणि थांबलो तर आपली बाग वाळेल, एवढंच त्यांना दिसत होतं. मैत्रिणीचं कुटुंब दोन वर्षांनी मुलाबरोबर वरणगावला राहायला गेलं.

मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तिथेच लग्न झालं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आत्या आजारी पडली आणि दवाखाना जवळ म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. एका दुपारी तिला पेज भरवताना मी सांगून टाकलं. साहेबांना मी अर्धंच सांगितलं होतं आणि पत्रातलं एक वाक्यही मी गाळलं होतं.

आत्याने तोंडातला घोट गिळला.

"मले माहीत व्हतं," ती म्हणाली. "मी एवढं बोलली अन् तुहं दोन घडीत झालं. हिंदी येत नाही मले, पन तेवढं तं समजते."

"मग बोलली का नाहीस?"

"भावाच्या घरात राहत व्हती मी," आत्या म्हणाली. "विहिरीवर एकदा बोलली, तेवढी हिंमत व्हती माह्याजवळ. घरात येऊन पुन्हा कशी बोलू? अन् तू तरी काय करनार व्हती, बाप समोर उभा."

मला रडू आलं. तिने माझ्या हातातली वाटी काढून घेतली आणि उरलेली पेज स्वतःच प्यायली.

पावसाळ्याआधी ती गेली. महिन्याभराने मी वरणगावला गेले. निदान तिच्या मैत्रिणीला तरी सगळं सांगायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. घर सापडलं. सुनेने बाजेवर बसवलं, चहा टाकला. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. सून म्हणाली, आईंना आता फार कमी ऐकू येतं, मोठ्याने बोला.

मी मोठ्याने सांगायला लागले. साहेब, वही, मी काय गाळलं ते. ती माझ्या तोंडाकडे बघत हसून मान हलवत होती. तिच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. मी आणखी आवाज चढवला तशी शेजारची दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यांच्यासमोर ते सगळं ओरडून सांगणं मला जमेना. मी थांबले.

मग तिने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "अक्का कशा हायेत?"

मी तिच्या कानाशी वाकले आणि अक्का गेल्याचं ओरडून सांगितलं. तिला ते तीनदा सांगावं लागलं.