किल्ली फिरवायची राहिली

सायमाकडे कॅमेरा आला तेव्हा फिनलंडमधल्या त्या अख्ख्या गावात दुसरा कॅमेरा नव्हता, आणि याचा तिला जरा जास्तच तोरा होता. आठवडाभर डेअरीत लोणी घुसळणारी ही बाई रविवारी तो काळा डबा गळ्यात अडकवून अशी हिंडायची, की पाद्रीबुवांनीही बाजूला व्हावं. डबा म्हणजे डबाच. समोर भिंग, मागे फिल्मचा नंबर दाखवणारी लाल खिडकी, बाजूला किल्ली. एक फोटो काढला की किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवायची. विसरलात तर पुढचा फोटो मागच्याच्या अंगावर चढतो. हे ती कुणी न विचारताच सगळ्या गावाला शिकवायची.

शेजारच्या शेतावरच्या नेस्तोरिकाकांना मात्र फोटोचं वावडं. "माझं थोबाड कशाला? बैलाचा काढ, तो देखणा आहे," म्हणायचे. पण जूनच्या सणाला सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरात, वाफ घेऊन लालबुंद होऊन बाहेर आले, ते आपणहून तिच्यासमोर उभे राहिले. कमरेला पंचा, डोक्यावर बर्च झाडाच्या पाल्याची जुडी आणि दात नसलेलं बोळकं भरून हसू.

"काढ आता. राज्याभिषेक झालाय माझा."

सायमानं खटका दाबला आणि तिलाच असं हसू फुटलं, की कॅमेरा गवतावर ठेवून ती पोट धरून खाली बसली.

पुढे गवताच्या कापणीत काका शेतातच कोसळले ते उठलेच नाहीत.

त्यांची बायको तेक्लामावशी सायमाकडे आली. "आमचा अर्वी तिकडे अमेरिकेत. बापाच्या मातीला काही तो येऊ शकत नाही. निदान फोटो तरी पाठवते. तू काढशील ना गं?"

रीतीप्रमाणे अंगणात, कोठाराच्या काळ्या भिंतीपुढे उघडी शवपेटी ठेवली. मागे काळ्या कपड्यांत सगळे नातेवाईक आणि पाद्रीबुवा श्वास रोखून उभे राहिले. सायमानं खिडकीतल्या नंबराकडे ओझरतं पाहिलं, किल्ली मागेच फिरवली असणार असं धरून चालली आणि खटका दाबला.

शहरातून फोटो धुऊन आला, तो तिनं डेअरीच्या मागे जाऊन उघडला. खाली पेटीत नेस्तोरिकाका छातीवर हात ठेवून निजले होते, आणि वर, काळ्या भिंतीवर, उघडेबंब नेस्तोरिकाका पाल्याचा मुकुट घालून हसत होते. त्यांच्या पोटातून पाद्रीबुवांचा चेहरा डोकावत होता.

तिनं तो झटकन पाकिटात परत कोंबला. मेलेल्या माणसाची विटंबना झाली याची लाज वाटली, हे खरं. पण किल्लीचे धडे देत फिरणारीच किल्ली विसरली, आता गाव तोंडावर हसेल, ही लाज त्याहून मोठी होती, आणि ते तिचं तिला ठाऊक होतं.

"मावशी, फिल्ममध्ये उजेड शिरला. काहीच आलं नाही," तिनं सांगितलं.

तेक्लामावशीनंच सायमाची समजूत घातली. "असू दे पोरी. यंत्र ते, त्याचा काय भरवसा. तू उन्हात उभी राहिलीस, तेच खूप." आणि वेलदोड्याचा ताजा पाव तिच्या हातात ठेवला. सायमानं तो घरी नेऊन न खाता तसाच ठेवला.

फोटो तिनं कपाटात चादरींच्या तळाशी दडपला. जाळायचं धाडस नव्हतं आणि दाखवायचं तर त्याहून नव्हतं. एका नाताळात मावशी कॉफी ढवळता ढवळता म्हणाली, "त्यांचे कान आठवतात बघ मला. हसणं मात्र आठवत नाही. किती आठवलं तरी येतच नाही डोळ्यांपुढे." सायमानं मान खाली घातली आणि कपात पाहत बसली. कपाट हाकेच्या अंतरावर होतं. पण आता फोटो काढायचा म्हणजे आधी खोटेपणा बाहेर काढायचा.

मावशी अंथरुणाला खिळली तेव्हा अर्वी अमेरिकेहून आला, आणि पानगळीत त्यानं आईचे डोळे मिटले. पुन्हा तेच अंगण, तीच काळी भिंत. या वेळी सायमानं आधी किल्ली फिरवली, मगच फोटो काढला. लगेच पेटी बंद करून माणसं घोडागाडी जुंपायला गेली.

अर्वी तिच्याजवळ आला. "सायमाताई, बाबांचा एखादा फोटो नसेल ना तुमच्याकडे? मला ते आठवतात ते पाठमोरे, नांगरामागचे."

सायमा घरी गेली आणि फोटो घेऊन आली. अर्वीनं तो पाहिला, आणि बापासारखंच तोंड भरून हसला. लोक वळून बघायला लागले. हसता हसता त्याचे डोळे वाहायला लागले.

"असेच होते हो ते. आईला किती आवडला असेल हा. तिनं ठेवून का नाही घेतला?"

"तिला दाखवलाच नाही मी," सायमा म्हणाली. "माझं हसं होईल म्हणून."

फोटो आईजवळ ठेवायला अर्वी पेटीकडे वळला, दोन पावलं गेला आणि तिथेच थांबला. झाकणाचे खिळे ठोकून झाले होते.