शनिवारची पंगत

हल्ली मला कुणी नेतृत्वावर बोलायला बोलावलं की मी तब्येतीचं कारण सांगतो. तब्येत ठीक आहे. पण माझ्या तोंडून 'सेवा', 'नम्रता' हे शब्द निघायला लागले की मलाच माझा आवाज नकोसा होतो.

मी नांदेडचा. आमच्या कित्येक पिढ्या गोदावरीकाठी गेल्या. घरात दखनी हिंदी, बाहेर मराठी. पगडी बघून लोक मला पंजाबातून आलेला समजतात आणि मी बोलायला लागलो की म्हणतात, "सरदारजी, तुम्ही तर आमच्यासारखंच बोलून राहिले की!" नोकरी मात्र लातूरला, एका खाजगी ज्युनिअर कॉलेजात. आधी शिक्षक, मग प्राचार्य. तिथं पोरांवर डॉक्टर व्हायचं ओझं आणि शिक्षकांवर निकालाचं. फिजिक्सवाले केमिस्ट्रीवाल्यांशी कामापुरतं बोलायचे, शिपाई तर कुणाच्या खिजगणतीतच नव्हते.

म्हणून मी शनिवारची पंगत सुरू केली. हॉलमध्ये लांब सतरंजी, एकच रांग, डबे सगळ्यांचे मिळून. शिपाई प्राचार्यांच्या मांडीला मांडी लावून बसणार. लहानपणापासून गुरुद्वाऱ्याच्या लंगरात मी हेच बघितलेलं. तिथं कोण मोठा, कोण छोटा, कुणी विचारत नाही. संस्थेला ही गोष्ट फार आवडली. फोटो निघाले, मोबाईलवर फिरले. मग इतर कॉलेजं मला भाषणाला बोलवू लागली. मी सांगायचो, संकटात मन चढतं ठेवा, त्याला आम्ही चढदी कला म्हणतो. टाळ्या पडायच्या. खोटं काय बोलू, मला त्यांची चटक लागली होती.

एकच माणूस सतरंजीवर बसत नसे. केमिस्ट्रीच्या विभागप्रमुख मॅडम. माझ्याच वयाच्या, देगलूरकडच्या, बौद्ध घरातल्या. कॉलेजचा अर्धा निकाल त्यांच्या जिवावर. त्या दाराजवळ खुर्ची ओढून जेवायच्या. "गुडघे दुखतात, सर," एवढंच म्हणायच्या.

एका शनिवारी संस्थेचे पाहुणे जेवायला आले. अख्खी रांग खाली आणि मॅडम खुर्चीवर, हे मला खुपलं. मी हसत हसत म्हणालो, "मॅडम, तिसऱ्या मजल्यावरची लॅब रोज चढता, तेव्हा गुडघे दुखत नाहीत? अहो, अहंकार मोडायलाच तर ही पंगत आहे!"

सगळे हसले. पाहुणे जरा जास्तच हसले.

मॅडम उठल्या, माझ्या समोर येऊन खाली बसल्या आणि पूर्ण जेवल्या. मी मनात म्हटलं, चला, जमलं.

सोमवारी त्यांनी कळवलं की पुढच्या वर्षी त्या इथं नसतील, नांदेडचं एक कॉलेज बोलावतंय. मी लॅबमध्ये धावलो. त्या परीक्षानळ्या धूत होत्या. मला बसा म्हणाल्या नाहीत.

"सर, गुडघे चांगले आहेत माझे. माझ्या आईला गावातल्या लग्नात गोठ्याच्या कडेला बसवायचे. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर. मातीवर. अन् हात लागू नये म्हणून उंचावरून वाढायचे. नोकरी लागल्यावर मी सगळ्यात आधी जेवायचं टेबल घेतलं. आई मरेपर्यंत खुर्चीवर बसून जेवली. मी पण खाली बसून जेवत नाही. बस, एवढंच हाय."

"हे मला आधी सांगितलं असतं तर..."

"का सांगावं? सतरंजी टाकायच्या आधी तुम्ही कुणाला विचारलं होतं?"

मी सॉरीदेखील म्हणालो नाही. पुढच्या परीक्षेचं काहीतरी बोललो आणि जिना उतरलो.

त्यानंतर मी दर रविवारी नांदेडला जाऊन गुरुद्वाऱ्यात जोडाघरात बसू लागलो. यात्रेकरूंचे जोडे घ्यायचे, पुसायचे, परत द्यायचे. खरं सांगतो, बरं वाटायचं. अनोळखी माणसांपुढं वाकायला काय लागतं?

माझी थोरली बहीण नांदेडलाच असते. चहा देताना तिनं विचारलं, "काय रे, हर इतवार जोडे साफ करून राहिला, केलंस तरी काय?"

मी सांगितलं. तिनं कप विसळून पालथा ठेवला.

"बाईला बोललास लातूरला अन् जोडे पुसतोस नांदेडला?" ती म्हणाली. "अरे, म्हाताऱ्यांना लंगरमध्येसुद्धा बाकड्यावर बसवतात. गुरूंनी बसायला जागा दिली, तू हुकूम केलास. आणि हे तोंड पाडून बसणं बंद कर. चढदी कला म्हणजे काय फक्त टाळ्या घेताना?"

तिच्याकडून निघालो तो बसमध्ये वाटेतल्या लोह्यापर्यंत तिच्यावर चिडलेलाच होतो.

पुढच्या शनिवारी मी रांगेत उभा राहिलो. मॅडम दाराजवळ खुर्चीवर होत्या. त्यांच्या आईची गोष्ट सांगायचा हक्क मला नव्हता, त्यामुळे सांगण्यासारखं फार उरलं नव्हतं. "मी मॅडमना सगळ्यांसमोर बोललो. ते चूक होतं. कुणी कुठं बसून जेवावं, हे ठरवणारा मी कोण? मॅडम, माफ करा."

मग गणिताचे सर हळूच म्हणाले, "सर, मग मी पण उठू का? माझी कंबर वर्षभर लई दुखून राहिली." लायब्ररीवाल्या बाई उठल्या. क्लार्क उठला. शिपाईमामा म्हणाले, "सायेब, तुमच्या बाजूला बसून माझा घासच उतरत नव्हता. मोकळं बोलता येत न्हाई ना." आणि भाजीचा डबा घेऊन ते कोपऱ्यात गेले. माझी एकजूट अशी पाच मिनिटांत उठून गेली. मॅडम तेवढ्या हसल्या, पण माझ्याकडं बघून नाही.

त्यांनी निर्णय बदलला नाही. मी एकदा विचारलं, थांबता का. म्हणाल्या, "सर, माफी मागितली ते बरं केलं. पण इथं जेवताना मला ते हसणं ऐकू येतं." त्यांच्या जाण्यानं केमिस्ट्रीच्या निकालाचं काय झालं, ते लातुरात सगळ्यांना माहीत आहे.

निरोपाचं जेवण ठरलं तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "मॅडम, कसं ठेवू?"

"टेबलावर," त्या म्हणाल्या. "अन् वाढायला तुम्ही या."

मी वाढलं. वरण, भात, मग वांग्याची भाजी. कुणी फोटो काढायला मोबाईल काढला, त्याला मी नको म्हटलं. मॅडमच्या ताटाशी आलो तेव्हा खाली वाकलो. ताटाला पळी टेकवून भाजी वाढली. त्या "पुरे" म्हणाल्या. मी थांबलो, आणि पुढच्या ताटाकडं वळलो.