सपाट जमिनीवर अडखळणारा गडी

जुलियाना, वर्षभर तू माझ्याशी तोंड शिवून बसलीस याचा मला संताप येतो, आणि त्या परेशचा त्याहून जास्त. लोकांना तुझी हकिगत मी जशी सांगते तशीच इथे लिहिते. चुकलं तर ये आणि तुझ्या टीचरला तोंडावर सांग.

तर, २००५ साली गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात मोबाइलवरचे खेळ बनत. भिंतीपलीकडे दिवसभर पत्रा ठोकत. नंदाखाल गावच्या वाडीवाल्या बॅप्टिस्टची मुलगी जुलियाना, बीएस्सी झालेली, तिथे पडद्यावरच्या विटा रंगवायला होती. खेळात एक गडी केळीचा घड घेऊन विटांवरून पळायचा. त्याला पळवणारा प्रोग्रॅम मालक परेशचा. आणि हा गडी सपाट जमिनीवर, दोन विटांच्या सांध्यावर, भिंत लागल्यासारखा थबकायचा.

परेशने सगळ्यांदेखत तिच्या विटांना फटी असल्याचं ठरवलं. वर म्हणाला, "विटा जमत नसतील तर वाडीत केळी लाव जा." सोमवारी खेळ विकत घेणारे येणार होते. तेव्हा गडी अडला तर हिची नोकरी गेली, हेही सांगून मोकळा झाला.

तिने वीट न् वीट मोजली. प्रत्येक वीट पडद्यावरचे सोळा ठिपके रुंद, एकही कमी नाही. मग तिचं डोकं फिरलं. तिने आलेखाची वही काढली. शाळेत जयवंती टीचरांनी, म्हणजे मीच, डस्टर आपटून शिकवलेलं: बिंदू मांडताना आधी आडवं मोजा, मग उभं, तिरकं धावायचं नाही. परेश नेमका तिरका धावत होता. गडी पुढे सरकायचा त्याच क्षणी खालीही ओढला जायचा, पाय केसभर जमिनीत रुतायचा, आणि पुढच्या विटेची कड प्रोग्रॅमला भिंत वाटायची.

शनिवारी तिने परेशच्या प्रोग्रॅममध्येच ते सोडवलं. गड्याला आधी नुसतं आडवं सरकवायचं, वीट लागली तर तिच्या कडेशी आणून थांबवायचं. मग खाली सोडायचं, वीट लागली की तिच्यावर उभं करायचं. गडी सुसाट पळाला.

सोमवारी पाहुणे खूश. परेश खुशाल म्हणाला, "शनिवारी बसून मीच सरळ केलं. ह्या पोरीच्या विटा वाकड्या होत्या."

जुलियानाने हातातला चहाचा ट्रे टेबलावर ठेवला. चहाही तिलाच आणायला लावला होता.

"सर, शनिवारी विटांना मी हातही लावलेला नाही. तुम्ही गड्याला तिरका ढकलत होता, तो मी सरळ चालवला."

पाहुणे गेल्यावर तिला दुपारीच घरी पाठवलं. दोन वर्षांचं अनुभवपत्र मागितलं, तर म्हणे नंतर ये.

जुलियाना, मंगळवारी दोघींनी जाऊन ते आणायचं ठरलं होतं. एकटीला तो उभं करणार नाही, टीचर सोबत हव्यात, असं तू म्हणाली होतीस. तू स्टँडवर तासभर थांबलीस. मी नातवाच्या ॲडमिशनला गेले, तुला निरोपही धाडला नाही. मग पुढचा मंगळवार म्हटलं, तोही गेला. परवा कळलं, त्या गाळ्यात आता बादल्या बनतात. पत्र आणायचं राहिलंच.