पोपटी होईपर्यंत

सभा कधी संपवायची, हे आमच्या आत्याला वासावरून कळायचं. ती साऱ्या गावाची आत्या. माझीही आणि माझ्या वडिलांचीही. आपट्याच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठी आमचं गाव. तिथल्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. सही करायला शिकली तीही अध्यक्ष झाल्यावर.

गावात बैठक म्हणजे पंचाईत. माणसं यायची नाहीत. आली तर बसायची नाहीत. आत्याने आधी चहा-बटाटेवडे ठेवून पाहिले. वडे संपले तशी माणसंही पांगली. मग तिने वडे शेवटी ठेवले, तर सगळे शेवटीच आले. ती रागावली नाही. म्हणाली, "माझाच चुकला. खाना दिसला नाय पायजे. हाय, येवढा कळला की बास."

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या आणि तिला पोपटी सुचली. शाळेच्या अंगणात मडकं. तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, अंडी, ओवा, मीठ, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालून भोवती जाळ. आत डोकावता येत नाही, आणि मध्येच काढलं तर सगळंच कच्चं. शिवाय तिचा एक नियम होता: शेंगा ज्याने त्याने आपल्या शेतातल्या आणायच्या. "मंडलाचा खाना सोडून मानूस जाईल. घरच्या शेंगा सोडून कोन जातो?" बैठका भरू लागल्या. जाळाकडे बघत लोक मुकाट ऐकायचे, कारण दुसरं काही करण्यासारखं नसायचं.

त्या वर्षी मी सातवीत होते, आणि गावची शाळा सातवीपर्यंतच होती. पुढे पनवेल, म्हणजे एसटी, म्हणजे मुलींचं शिक्षण बंद. एक शिक्षणसंस्था गावातच आठवीचा वर्ग काढायला तयार झाली. अट एवढीच की पालकांनी समोर बसून पुरेशी नावं द्यावीत. माझे वडील तर प्रत्येक बैठकीतून मध्येच उठायचे. आत्या सकाळीच आमच्या घरी आली आणि मडक्यासाठी त्यांची कोंबडी मागून घेऊन गेली. वडिलांना तो मान वाटला.

संध्याकाळी संस्थेच्या सरांनी मुलींचा विषय काढला आणि वडील उठले.

"नामा, खय चाललास? तुजी कोंबरी कच्ची हाय अजून."

लोक हसले. वडील बसले. एकेक नाव येत गेलं. शेवटी सर म्हणाले, "आणखी एक मुलगी हवी, नाहीतर वर्ग मिळणार नाही." सातवीतल्या मुलींपैकी माझंच नाव राहिलं होतं. भांबुर्डीचा वास अंगणभर पसरला होता. पोपटी झाली होती, हे लहान मुलांनाही कळत होतं.

"आत्या, काढ आता," कोणीतरी म्हणालं.

"अजून नाय झाली."

थोड्या वेळाने करपल्याचा वास आला. "आत्या, जलते गो."

"जलू दे. अजून नाय झाली." ती वडिलांकडे बघतही नव्हती.

आता सगळं गाव वडिलांकडे बघत होतं. वडील जाळाकडे बघत राहिले. मग हात झटकून म्हणाले, "लिवा माझ्या सुमनचा नाव. आनि तो मडका काढा आदी."

तळाच्या शेंगा कोळसा झाल्या होत्या. त्या आत्याने स्वतःच्या पानात घेतल्या आणि शेवटची शेंगही टाकली नाही.

आठवीचा वर्ग सुरू झाला. पुढे दहावी गावातच झाली आणि मग पनवेलचं कॉलेज. मी पदवीधर झाले त्या हिवाळ्यात वडिलांनी स्वतः शाळेच्या अंगणात पोपटी लावली. आत्याला खुर्ची दिली. ती खूप थकली होती, पण नाक शाबूत होतं. "झाली रे नामा, काढ," ती म्हणाली.

"अजून नाय झाली," वडील म्हणाले. "आदी सुमन बोलंल."

गावासमोर मी पहिल्यांदाच उभी राहिले. काय बोलले ते आठवत नाही. बराच वेळ बोलले एवढं खरं, कारण मडकं उघडलं तेव्हा तळ करपला होता. पुढच्या हिवाळ्यात आत्या नव्हती. पण त्या दिवशी वडिलांनी करपलेल्या शेंगा निवडून आपल्या पानात घेतल्या, आणि आत्या त्यांच्याकडे बघून तोंडाला पदर लावून हसत होती.